झावळीआडचे गांधीजी

लखनौच्या जुन्या भागात नख्खास येथे दर रविवारी जुन्यापान्या वस्तूंचा बाजार भरतो. बदलीच्या नोकरीने या शहरात येऊन पडलेल्या आमच्यासारख्यांस रविवारची सकाळ कंठण्याचे ते एक हुकमी ठिकाण आहे. तेथे फुटक्या झुंबरांचे लोलक मिळतात, पितळी अडकित्ते मिळतात, कुणा वकिलाच्या निधनानंतर रद्दीत गेलेली कायद्याची पुस्तके मिळतात, आणि क्वचित ध्वनिमुद्रिकाही मिळतात. गेल्या हिवाळ्यात बेगम अख्तरांची एखादी जुनी तबकडी हाती लागेल या आशेने आम्ही एक गठ्ठा उपसत बसलो होतो. हाती आली ती मात्र निराळीच वस्तू. पुस्तकासारखे उघडणारे, कडा झिजलेले जाड वेष्टन, आणि त्यावर फुलांच्या ताटव्यामागे उभा असलेला माणसांचा भलामोठा मेळा. इंग्लंडातील बीटल्स या चार गायकांच्या चमूची ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ ही ती १९६७ सालची तबकडी होती.

रॉक नावाच्या संगीताशी आमचा परिचय बेताचाच. पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली ज्या नगरीत संगीत विद्यालय निघाले आणि आज ज्याचे त्यांच्याच नावाने विद्यापीठ झाले आहे, तेथे राहून आम्ही असल्या संगीताच्या वाटेस जावे, असे आमच्या मित्रांनाही वाटले नसते. परंतु त्या वेष्टनाने आम्हांला धरून ठेवले. त्या परक्या मेळ्यात आम्हांला ओळखीच्या खुणा दिसू लागल्या. पुढल्या बाजूस चार हातांची लक्ष्मीची मूर्ती होती. जवळच एक हुक्का होता. मधोमध उभे असलेले चार गायक झगमगीत साटिनचे, खांद्यावर झुली आणि छातीवर गोंडे असलेले लष्करी थाटाचे पोशाख घालून आले होते. लखनौच्या लग्नसराईत वरातीपुढे पितळी वाद्ये फुंकीत जाणारी मंडळी ज्याने पाहिली आहेत, त्याला हा वेष नवा नाही. आणि सगळ्यांत वरच्या रांगेत, अगदी डाव्या टोकाला, दाढीजटांनी मढलेला एक संन्यासी शांतपणे पाहत होता.

घरी आल्यावर आम्ही या वेष्टनाची हकीकत शोधू लागलो. आम्हांला त्या चित्रात जे दिसले त्यापेक्षा जे दिसले नाही त्याची कथा आम्हा नोकरदार मंडळींना अधिक जवळची वाटेल, असे ध्यानात आले. म्हणून हा लेख.

या तबकडीची मूळ कल्पना पॉल मॅकार्टनी यांची. १९६६ च्या ऑगस्टअखेर बीटल्सनी जाहीर जलसे करणे थांबवले होते. आपल्याच कीर्तीचे ओझे उतरवून काही काळ दुसऱ्याच कुणाच्या नावाने गावे, एक काल्पनिक बँड कल्पावा आणि सबंध तबकडी जणू त्या बँडचा जलसा आहे असे मानावे, असे त्यांच्या मनात आले. जुन्या काळी एखाद्या इंग्रजी गावात बागेतल्या फुलांच्या घड्याळापुढे बँडवाल्यांचा सत्कार व्हावा, तसे दृश्य त्यांनी शाईने रेखाटले. ते प्रत्यक्षात आणण्याचे काम रॉबर्ट फ्रेझर या कलाव्यापाऱ्याच्या मध्यस्थीने पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या चित्रकार दांपत्याकडे आले.

त्या दोघांनी ठरवले ते असे, की बँडचा जलसा नुकताच संपला आहे आणि सभोवार त्यांचे चाहते जमले आहेत. मात्र हे चाहते कोण असावेत ते ज्याचे त्याने निवडावे. गायकांनी आणि चित्रकारांनी आपापल्या आवडीच्या माणसांच्या याद्या दिल्या. त्यात लेखक आले, नटनट्या आल्या, कार्ल मार्क्स आले, मुष्टियोद्धे आणि विदूषकही आले. प्रत्येकाचे छायाचित्र पुरुषभर उंचीचे करून ते पुठ्ठ्यावर चिकटवले, कापले, हाताने रंगवले आणि रांगेने उभे केले. मादाम तुसाँच्या संग्रहालयातून मेणाचे पुतळे उसने आणले. त्यांत खुद्द बीटल्सचे जुन्या वेषातले पुतळेही होते. पुढे माती पसरून तांबड्या फुलांनी चमूचे नाव लिहिले. ढोलाच्या चामड्यावरील अक्षरे जो एफग्रेव्ह या कारागिराने रंगवली. अशी दोन आठवड्यांची उस्तवार झाल्यावर ३० मार्च १९६७ रोजी मायकेल कूपर यांनी लंडनच्या चेल्सी भागातील चित्रशाळेत छायाचित्र घेतले. ज्या काळी तबकडीच्या वेष्टनास पन्नासेक पौंड खर्च येई, त्या काळी यास जवळजवळ तीन हजार पौंड लागले. चित्रकार दांपत्याच्या पदरी त्यांतले दोनशे पडले. गाण्यांचे शब्द वेष्टनाच्या पाठीवर छापण्याची पद्धतही लोकप्रिय संगीतात या तबकडीपासून रूढ झाली. पुढील वर्षी उत्कृष्ट वेष्टनासाठीचे अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिक तिला मिळाले.

आता त्या दाढीजटाधारी संन्याशाकडे वळू. ते श्रीयुक्तेश्वर गिरी. त्यांच्या खेरीज या मेळ्यात बाबाजी, लाहिरी महाशय आणि परमहंस योगानंद अशी आणखी तीन भारतीय माणसे आहेत. चौघेही एकाच गुरुपरंपरेतले. चौघांचीही निवड जॉर्ज हॅरिसन यांची. हॅरिसन १९६६ च्या सप्टेंबरात पंडित रविशंकरांकडे सतार शिकावयास मुंबईस आले होते. त्या मुक्कामात त्यांच्या वाचनात योगानंदांचे १९४६ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी आत्मचरित्र आले, आणि त्यातले चार चेहरे सहा महिन्यांनी लंडनच्या त्या चित्रशाळेत जाऊन उभे राहिले. शेजार मात्र ज्याचा त्याला निवडता येत नाही. श्रीयुक्तेश्वरांच्या बाजूस अॅलिस्टर क्रोली हा अघोरी विद्येसाठी बदनाम झालेला इंग्रज उभा आहे!

या चौघांविषयी आमच्या वाचकांस विशेष आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. लाहिरी महाशय (१८२८–१८९५) हे मठात राहणारे संन्यासी नव्हते. ते आपल्यासारखेच सरकारी नोकर होते. लष्करी बांधकाम खात्यात, बिहारातील दानापूर येथे, ते हिशेबाचे काम करीत. योगानंदांनी लिहिले आहे की, १८६१ साली तारेने त्यांची बदली हिमालयातील रानीखेतला झाली. तेथील डोंगरात त्यांना बाबाजी भेटले आणि दीक्षा मिळाली. काही दिवसांतच खात्याकडून कळले की, ही बदली मुळात चुकीनेच झाली होती. पुढे पंचवीस वर्षे नोकरी करून १८८६ साली ते निवृत्त झाले आणि निवृत्तिवेतनावर काशीत राहिले. चुकीच्या बदलीचे हुकूम आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले आहेत; त्यातून असा लाभ झालेला मनुष्य मात्र विरळा. योगानंद स्वतः १८९३ साली आमच्या या उत्तर प्रदेशातील गोरखपूर येथे जन्मले. वडील रेल्वेत वरिष्ठ अधिकारी. त्यामुळे गोरखपूर, लाहोर, बरेली असे मुलांचे बालपण वडिलांच्या बदल्यांमागे फिरत गेले. वर्षाच्या मध्येच शाळा बदलणारी आपली मुले पाहताना हे आठवले म्हणजे थोडे बरे वाटते.

असे हे चार योगी त्या वेष्टनावर गेले आणि तेथेच राहिले. पाचवा भारतीय मात्र राहिला नाही.

तो पाचवा म्हणजे महात्मा गांधी. त्यांचीही पुरुषभर उंचीची आकृती करून उजव्या बाजूस बसवली होती. ३० मार्चला छायाचित्र घेतले तेव्हा गांधीजी तेथे होते; त्या दिवशीच्या इतर छायाचित्रांत ते आजही पाहावयास मिळतात. परंतु छापून आलेल्या वेष्टनावर त्यांच्या जागी झाडाच्या हिरव्या झावळ्या आहेत. कुंचल्याने त्यांस रंगाखाली झाकून टाकले.

हे घडले कसे? तबकडी काढणारी ई.एम.आय. कंपनी या वेष्टनाने आधीच घाबरली होती. हयात व्यक्तींची चित्रे त्यांच्या परवानगीवाचून छापली तर दावे होतील, असे तिच्या वकिलांचे म्हणणे. म्हणून बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांच्या कचेरीतल्या वेंडी हॅन्सन यांनी पत्रे धाडून संमती मिळवली. मे वेस्ट या नटीने प्रथम नकार दिला. गायकांनी स्वतः पत्र लिहून विनवल्यावर ती राजी झाली. लिओ गॉर्सी या नटाने चारशे डॉलर मागितले, तेव्हा त्यास चित्रातून काढून टाकले. येशू ख्रिस्ताची आकृती तर मुळात केलीच नाही. बीटल्स येशूहून लोकप्रिय झाले आहेत या जॉन लेनन यांच्या उद्गाराने आदल्या वर्षी अमेरिकेत केवढा गहजब झाला होता, हे सर्वांच्या स्मरणात होते. हिटलरची आकृती तयार झाली होती, पण ती चित्रात दिसू दिली नाही.

गांधीजींचा प्रश्न याहून वेगळा होता. ते हयात नव्हते, तेव्हा दाव्याचे भय नव्हते. त्यांच्या वतीने कुणी मोबदलाही मागितला नव्हता. कंपनीचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवुड यांनी मात्र हरकत घेतली. भारतातील लोकांना हे आवडणार नाही, त्यांच्या भावना दुखावतील, तेथे हे वेष्टन छापलेही जाणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीचा भारतात मोठा व्यापार होता. कलकत्त्याजवळ दमदम येथील कारखान्यात तिच्या तबकड्या निघत. गायकांनी फार ताणून धरले नाही. गांधीजी गेले, झावळ्या आल्या, आणि तबकडी मेअखेरीस बाजारात आली.

लॉकवुड यांना दोष देणे सोपे आहे. परंतु आमचा हात तितक्या सहजासहजी उचलत नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर टिपणी काय लिहिली असती? ‘सदर चित्र भावनिकदृष्ट्या संवेदनशील असल्याने वगळावे’ या एका ओळीवर कोणत्याही कचेरीत सही होते. शिवाय त्यांची भीती अगदीच निराधार होती असेही नाही. आमच्याकडेच १९५० चा बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी ही दोन नावे आज एकाच ओळीत आढळतात. व्यापारासाठी त्यांची चित्रे वापरता येत नाहीत. मौज अशी की, त्याच ओळीत दिनदर्शिकांना सवलत आहे. मालाची जाहिरात नसेल आणि केवळ काढणाऱ्याचे व छापणाऱ्याचे नाव असेल तर दिनदर्शिकेवर ती चित्रे चालतात. पानवाल्याच्या ठेल्यावर, न्हाव्याच्या आरशाजवळ, देवादिकांच्या पंक्तीत गांधीजींना बसवण्याची आमच्या लोकांची हौस कायदा करणाऱ्यांस ठाऊक असावी.

आणि येथेच खरी गोम आहे. लॉकवुड ज्यांच्या भावनांविषयी बोलत होते त्या लोकांना कुणी विचारले होते काय? त्यांनी गांधीजींना कोठे कोठे पाहिले आहे, हे त्या चित्रशाळेत कुणास ठाऊक होते?

एकट्या लखनौची गोष्ट घ्या. १९१६ च्या डिसेंबरात येथे काँग्रेस भरली. लोकमान्य टिळक जवळजवळ दशकभराच्या अंतराने काँग्रेसच्या व्यासपीठावर परतले होते आणि हिंदु-मुसलमानांचा प्रसिद्ध करार येथेच झाला. आफ्रिकेतून परतून दोन वर्षेही न झालेले गांधीजी त्या गर्दीत होते. जवाहरलाल नेहरूंना ते प्रथम भेटले ते त्याच वेळी, आणि चंपारण्यातील शेतकऱ्यांची दाद घेऊन राजकुमार शुक्ल त्यांच्यामागे लागले तेही येथेच. पुढे १९३६ च्या लखनौ काँग्रेसच्या वेळी खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनातून नंदलाल बसूंना बोलावून घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेस भरली तेव्हा मंडपाचे काम पुन्हा नंदबाबूंकडेच दिले. त्यांनी बांबूसारख्या तेथल्याच साध्या सामानातून नगर उभे केले. रंगाशी, चित्राशी, जत्रेशी या माणसाचे वैर नव्हते. हजरतगंजात मोठ्या पोस्टाजवळच्या उद्यानात त्यांचा पुतळा आहे. वर्षानुवर्षे शिक्षक, शेतकरी, कामावरून कमी केलेले कामगार आपापले फलक घेऊन त्याच्या पायाशी बसत आले आहेत. त्या पुतळ्याभोवतीचा मेळा लंडनच्या मेळ्याहून कमी चित्रविचित्र नसतो, आणि महात्माजींची प्रतिष्ठा त्याने उणावल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आणखी एक गोष्ट. ज्या आत्मचरित्रातून ते चार योगी वेष्टनावर गेले, त्याच पुस्तकात एक सबंध प्रकरण गांधीजींवर आहे. १९३५ च्या ऑगस्टमध्ये योगानंद आपल्या वर्ध्याला येऊन गांधीजींच्या आश्रमात राहिले होते. तेथे गांधीजींनी त्यांच्याकडून क्रियायोगाची दीक्षा मागून घेतली, असे योगानंदांनी लिहिले आहे. म्हणजे पुस्तकात जे एका पंक्तीस बसले होते, त्यांची वेष्टनावर ताटातूट झाली. योग्यांची नावे कंपनीस अपरिचित होती, म्हणून ती निर्धास्तपणे राहू शकली. गांधीजींचे नाव ओळखीचे, म्हणून ते गेले. अपरिचयाने तारले आणि अर्धवट परिचयाने मारले, असा हा प्रकार.

याच इंग्लंडात दोनच वर्षांनी दुसरी एक गोष्ट घडली, तीही येथे नोंदली पाहिजे. गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त १३ ऑगस्ट १९६९ रोजी ब्रिटिश टपालखात्याने त्यांचे तिकीट काढले. त्याचे रेखाटन बिमान मल्लिक या बंगाली चित्रकाराचे होते. ब्रिटिश तिकिटाचे काम परदेशी चित्रकाराकडे जाण्याचा तो पहिलाच प्रसंग. एकाच कागदावर राणीचे मस्तक आणि गांधीजी शेजारी शेजारी आले. त्यांचे चित्र बाजारात खेळवणे हे मुळातच अनुचित असते तर पत्रापत्रावर शिक्का खाणारे तिकीट तरी उचित कसे ठरले? पण एका ठिकाणी भारतीयांच्या वतीने परभारेच निर्णय झाला आणि दुसऱ्या ठिकाणी भारतीय माणसाच्या हाती कुंचला दिला. आमच्या मते दोहोंतला फरक एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

हे सारे लिहिताना आम्ही मोठ्या न्यायासनावर बसलो आहोत असे वाचकांनी समजू नये. काही वर्षांपूर्वी अशाच एका परक्या गावी आम्ही तेथील मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचे काम पाहत होतो. एका सहकाऱ्याच्या मुलीने मुखपृष्ठासाठी सुरेख चित्र काढून दिले. गावातल्या जुन्या नवाबी दरवाजाखालून गणपतीची पालखी चालली आहे, कमानीवरून कबुतरे उडाली आहेत आणि कडेला टोपी घातलेला एक म्हातारा कौतुकाने पाहत उभा आहे. समितीत चित्र फिरले. प्रत्येकाने ते वाखाणले आणि प्रत्येकाने मान हलवली. “आपल्याला काही नाही हो, पण इथल्या लोकांना काय वाटेल?” हे वाक्य प्रथम कुणी उच्चारले ते आठवत नाही, ते आम्हीच उच्चारले असण्याचा संभव आहे. अखेर दरवाजा गेला, म्हातारा गेला, आणि मुखपृष्ठावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक कलश आला. ती मुलगी काही बोलली नाही. पुढील वर्षी तिने चित्रही दिले नाही.

स्मरणिका छापणारे गृहस्थ त्याच जुन्या मोहल्ल्यात पिढ्यान् पिढ्या राहणारे मुसलमान होते. पहिले चित्र त्यांनी पाहिले होते. छापील प्रती आणावयास गेलो तेव्हा त्यांनी ते बदलण्याचे कारण विचारले. आम्ही अडखळत सांगितले की, कुणाच्या मनास लागू नये म्हणून. ते क्षणभर थांबले आणि मोठ्या अदबीने म्हणाले, “जनाब, हमसे पूछ तो लेते. वह बूढ़ा हमें अच्छा लगा था.”

त्या दिवशी आम्ही गठ्ठे घेऊन मुकाट्याने घरी आलो. दुसऱ्याचे मन जपण्याच्या नावाखाली आम्ही त्याला चित्रातून काढले होते आणि ते काढताना त्याच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो. परप्रांती नोकरी करणाऱ्या माणसाला हा मोह फार. लोकांची भाषा पुरती येत नाही, त्यांच्या घरी जाणेयेणे बेताचे, आणि बदली तर केव्हाही होणार. मग विचारण्यापेक्षा वगळणे सोयीचे वाटते. आपण त्याला सौजन्य म्हणतो. पुष्कळदा तो निव्वळ आळस असतो, आणि थोडी भीती.

नख्खासवरून आणलेली ती तबकडी आमच्या दिवाणखान्यातील कपाटावर ठेवली आहे. ती वाजवावयास यंत्र नाही, आणि असते तरी ती आम्हांला कितपत रुचली असती, कोण जाणे. येणारे जाणारे तिच्याकडे पाहतात, लक्ष्मी ओळखतात, हुक्का ओळखतात. मग आम्ही उजवीकडच्या झावळ्यांवर बोट ठेवून तेथे कोण होते ते सांगतो. परवा एका लखनवी स्नेह्यांना सांगितले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले की, गांधीजींना त्या बँडवाल्यांत बसायला काही हरकत नव्हती. गर्दीची त्यांना सवय होती.

स्मरणिकेसाठीचे ते पहिले चित्र आम्ही सहकाऱ्याकडून पुन्हा मागवले आहे. मुलगी आता मोठी झाली असून दुसऱ्या शहरी असते. ते तिने जपून ठेवले असेल तर यंदाच्या गणेशोत्सवात ते छापावे असा आमचा विचार आहे. परंतु या वेळी आधी तिला विचारू, आणि नंतर त्या छापखान्यात जाऊन तिथल्या गृहस्थांनाही.